चार रेघांचा माग

लालमियाँला कुणाला नाही म्हणता येत नसे. ड्रायव्हर म्हणून त्याच्यात दुसरी खोट नव्हती. दारू नाही, घाई नाही, गाडीला शिवी नाही. पण रस्त्याच्या कडेला कुणी नुसता हात वर केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई, आणि चार माणसांच्या जीपमध्ये नऊ माणसं, दोन कोंबड्या आणि एखादा नवा पाटा-वरवंटा बसे. अशा जीपचा मागचा एक्सल तुटणार नाही तर काय होणार? तो तुटे.

जीप बद्रीनाथ सेठची. जालन्यात त्याची कापसाची जिनिंग होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ही जीप त्यानं मोठ्या हौसेनं घेतली. पहिल्याच आठवड्यात त्याची कंबर धरली आणि हौस फिटली. मग ती खेड्यापाड्यांतून कापसाचे नमुने आणायच्या कामाला लागली. दर मंगळवारी पहाटे लालमियाँ तिच्यातून पिंपळगाव रेणुकाईला जाई आणि हसनाबादवरून दुपारपर्यंत परत येई. येताना गाडी रिकामी असे. म्हणजे सेठच्या समजुतीप्रमाणे रिकामी.

हसनाबादला गावाबाहेरच्या लिंबाखाली लालमियाँ न चुकता थांबे, त्याला कारण होतं. तो आधी निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकात खात्यात, गाडी चालवायचा. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि खाकी कपड्यातला मुसलमान म्हणजे रझाकारच असं धरून काही लोक कुऱ्हाडी घेऊन हिंडू लागले. लालमियाँ गाडी टाकून रानातून पळाला. हसनाबादच्या दुर्गाबाईनं, ओळख ना पाळख, त्याला कडब्याच्या गंजीत लपवलं. माणसं विचारायला आली तेव्हा ती अंगण झाडत होती. ती काय झाडतेय हे गंजीतून फक्त लालमियाँला दिसत होतं. ओल्या मातीत त्याचीच पावलं उमटली होती. त्यांच्यावरून खराटा फिरवत तिनं, इकडं कुणी आलं न्हाई, असं सांगितलं आणि माणसं पुढं गेली.

तेव्हापासून त्यानं रस्त्यात कुणाला सोडून जायचं बंद केलं. याला कुणी उपकाराची फेड म्हणेल. मला वाटतं, ती भीती होती. हात वर केलेला माणूस दिसला की त्याला आपलंच पळणं आठवत असावं.

दुर्गाबाई मात्र जीपमध्ये हौसेनं बसत नव्हती. तिची लेक विमल क्षयानं जालन्याच्या दवाखान्यात पडून होती. दर मंगळवारी भाकरी आणि ताकाचा तांब्या घेऊन ती लेकीला बघायला जाई. एरवी तिला बैलगाडी शोधावी लागे, आणि पेरणीच्या, काढणीच्या दिवसांत बैल कोण देणार?

चोपन्न साली राजूरच्या अलीकडं एक्सल पुन्हा तुटला, तेव्हा सेठचा संयमही तुटला. त्यानं लालमियाँला पेढीवर बोलावून सांगितलं की आता कसला घालायचा तो मजबूत एक्सल घाल, खर्च मी करतो. पण त्यानंतर एकदा जरी तुटला तर जीप विकीन आणि तू घरी बसशील. लालमियाँच्या घरी बायको अजीजुन्निसा आणि चार लेकरं होती. घरी बसणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

तो स्टेशनाकडं गुलाम नबी मिस्त्रीच्या कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली औरंगाबादच्या छावणीतून आणलेलं लष्करी भंगार. गुलाम नबीनं दोन एक्सल दाखवले. एक दुसऱ्या जीपचाच होता. त्यात फक्त आतले दांडे नवे, चांगल्या पोलादाचे घालायचे. दुसरा होता लढाईत तोफा ओढणाऱ्या गाडीचा. चांगला मांडीएवढा जाड. हातोडा मारला की पहिला टण्ण वाजे आणि दुसरा नुसता घुमे.

गुलाम नबीचं मत पहिल्याकडं होतं. मोठा एक्सल बसवता येईल, पण तो दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं रुंद आहे, मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीत चालायची नाहीत, असं त्यानं समजावलं. शिवाय त्याच्या आतल्या दातेरी चाकांचा हिशेब वेगळा, त्यामुळं पुढच्या चाकांनाही इंजिनाची जी ओढ मिळते ती काढून टाकावी लागेल. मग चिखलात जीप आणि टांगा सारखेच. लालमियाँ सगळं ऐकून मोठ्या एक्सलवर हात फिरवत बसला. त्याला डोळ्यांपुढं नऊच्या जागी बारा माणसं दिसत होती.

"लालभाई," गुलाम नबी म्हणाला, "एक्सल मजबूत हुआ तो बोझा कम नै होता, बढता."

लालमियाँला हे कळलं नाही असं नाही. बोजा वाढवायलाच तर तो आला होता.

एक्सल उत्तम निघाला. खड्डे, दगड, ओढे, कशालाही दाद देईना. दोन-तीन मंगळवार हसनाबादच्या लोकांनी अक्षरशः टपावर बसून प्रवास केला. फुफाट्यात जीपच्या मागं चार रेघा उमटत, दोन पुढच्या चाकांच्या आणि दोन मागच्या. पोरं त्यांवरून पळत. लालमियाँ खूश होता.

पण सेठलाही डोळे होते. हिची पाठ आता बैलाहून घट्ट आहे हे त्यानं ओळखलं, आणि दोन्हीकडचं भाडं वाचवायला जाताना सरकीची ढेप आणि येताना ज्वारीची पोती अशी जीप गच्च भरायला सुरुवात केली. ड्रायव्हरला बसायला जागा ठेवली, एवढीच मेहेरबानी. आता रस्त्यात कुणी हात केला तर लालमियाँनं त्याला कुठं बसवायचं?

सरळ उपाय होता. थांबायचं आणि आज जागा नाही म्हणून सांगायचं. एवढं एक वाक्य तोंडातून निघेना म्हणून त्या शहाण्यानं हसनाबादच्या लिंबाखालून जायचंच सोडलं. गावाच्या खालच्या अंगानं नदीच्या पात्रातून एक गाडीवाट होती. जीप तिकडून घालायची आणि पुढं राजूरच्या रस्त्याला लागायचं. लिंबाखाली दुर्गाबाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली असणार, हे त्याला ठाऊक होतं. तो त्या बाजूला बघतच नसे. आपण दिसलो नाही म्हणजे आपण गेलोच नाही, असं काहीतरी तो मनाशी धरून होता. मोठी माणसंही असं करतात.

एका मंगळवारी तो पात्रात उतरला तर वाटेतच एका दगडावर दुर्गाबाई बसली होती. बाजूनं जायला जागा नव्हती. त्यानं जीप थांबवली आणि खाली उतरून उभा राहिला. जीप बिघडली होती, सेठनं वेळ दिली नाही, असं काहीबाही तो सांगू लागला. दुर्गाबाईनं त्याला बोलू दिलं. मग वाळूतल्या जुन्या रेघांकडं बोट केलं. गेल्या मंगळवारच्या होत्या, त्याच्या आधीच्याही होत्या. चार-चार रेघा. अख्ख्या तालुक्यात असला माग दुसऱ्या कुठल्या गाडीचा नव्हता.

"तू इकडून गेल्तास," ती म्हणाली. "दर खेपेला गेल्तास. इमल तिकडं वाट बघून राह्यली." आवाज चढलेला नव्हता. "तव्हा तुझी पावलं म्या खराट्यानं झाडली व्हती, लालमियाँ. आता ह्या रेघा कशानं झाडू?"

लालमियाँला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. मग त्यानं जीपमधली ज्वारीची पोती एकेक करून खांद्यावर घेतली आणि काठावरच्या बाभळीखाली रचली. पाराजवळच्या मच्छिंद्र तेल्याला त्यांच्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि दुर्गाबाईला पुढच्या सीटवर बसवून जालन्याला आणलं. आधी दवाखान्यात गेला, नंतर पेढीवर.

पेढीवर त्यानं जन्मातलं पहिलं 'नाही' म्हटलं. सेठ, पोती वाहणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, त्यांना बैलगाडी करा. मी नमुने आणीन आणि माणसं आणीन, असं तो म्हणाला आणि जीपची किल्ली गादीवर ठेवली.

सेठ एरवी काय म्हणाला असता कोण जाणे. पण चारच दिवसांपूर्वी वळवाच्या पावसात वाटूरजवळ काळ्या मातीनं जीप धरली होती, पुढच्या चाकांना ओढ नव्हती, आणि मांडीपर्यंत धोतर खोचून सेठनं स्वतः तिला ढकललं होतं. तोफेच्या त्या एक्सलवर त्याचाही राग होता. त्यानं किल्ली परत सरकवली. जुन्या मापाचा एक्सल घाल म्हणाला. पण आधीची अट कायम. तुटला की तू घरी.

गुलाम नबीनं जीपचा एक्सल नव्या दांड्यांनिशी बसवला आणि मोठा काढून भिंतीला टेकवून ठेवला. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. तेवढं मला त्याच्याबद्दल आवडतं.

पुढच्या मंगळवारी लिंबाखाली सात माणसं उभी होती. लालमियाँ खाली उतरला. चारच बसतील, बाकीच्यांना आज नाही, असं त्यानं जमिनीकडं बघत, पण स्पष्ट सांगितलं. लोक कुरकुरले. कोण बसायचं ते दुर्गाबाईनं ठरवलं. बाळंतिणीला बसवलं, ताप चढलेल्या म्हाताऱ्याला बसवलं, त्याच्या लेकाला बसवलं. चौथ्या जागेपाशी ती थांबली. समोर हात मोडलेला एक गडी उभा होता. तिनं त्याला आत बसायला सांगितलं, भाकरीचं फडकं आणि ताकाचा तांब्या लालमियाँच्या हातात दिला, आणि विमलला सांग, पुढल्या मंगळवारी येते, असं म्हणाली.

लालमियाँ जीपमध्ये चढला. मागं फुफाट्यात दोनच रेघा उमटत गेल्या, आणि त्या लिंबाखालून गेल्या.