विणकर कशावरून?

महाल भागात पुष्पलताबाई स्पर्धा परीक्षेचं रिझनिंग शिकवतात. मोठ्या खाष्ट. उत्तर बरोबर आलं तरी खूश नाहीत. बाकीचे पर्याय काहून चुकले, ते आधी सांगा म्हणतात.

परवा त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘सगळे विणकर मेहनती असतात. बाबनराव मेहनती आहेत.’ वर्गातल्या काजलनं बिनधास्त निष्कर्ष निवडला, ‘बाबनराव विणकर आहेत.’ बाबनराव म्हणजे बाईंचे यजमान. अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेले विणकर.

“चूक! मेहनती तर शेतकरी पण असतो.”

दाराशी बसलेले बाबनराव उखडले. “काहून वं? मी विणकर नाही का मंग?” त्यांचा माग बंद पडून वर्षं झाली होती.

बाईंनी खांद्यावरचा पदर पुढे धरला.

“हाव ना, विणकरच तुम्ही! पण या दोन वाक्यांवरून नाही. तुम्ही विणलेल्या या पदरावरून.”