पुन्हाभाऊंच्या कानातला थेंब

शाळेपुढच्या वळणावर पुन्हाभाऊंचं पंक्चरचं दुकान आहे. खरं नाव वेगळं. पण उजव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक, डावा कानही आता थकलेला. गिऱ्हाईक काहीही म्हणालं की भाऊ हात कानाशी नेऊन म्हणणार, "पुन्हा बोला." तेच नाव पडलं. ते चिडत नाहीत.

कामात मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत. कितीही घाई असो, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघणार, ठिगळ लावणार आणि मग टायरच्या आतून सावकाश बोट फिरवणार. "आत खिळ्याचं टोक राहिलं तर ठिगळ उद्याच फाटेल. शिव्या मला बसतील."

मध्यंतरी मागून येणाऱ्या एका ट्रकचा आवाज त्यांना आलाच नाही. क्लीनरने कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. त्या दिवशी बायकोने सांगून टाकलं, "एक तर कान दुरुस्त करा, नाहीतर शटर कायमचं खाली ओढा. रोज जीव मुठीत धरून बसणं माझ्याच्याने होत नाही."

पडदा सहा वर्षांपूर्वी एकदा बसवला होता. चार महिन्यांत फाटला. म्हणून या वेळच्या डॉक्टरबाई ऑपरेशनची तारीखच देईनात. म्हणाल्या, "नाकाच्या मागून कानात एक बारीक नळी जाते. पडद्याच्या आतली हवा तिथूनच खेळती राहते. ती तुंबली असेल तर नवा पडदा आत ओढला जातो आणि टिकत नाही. आधी नळी तपासू. कानात थेंब टाकू, ते भोकातून आत जातील. नळी मोकळी असेल तर चव घशात उतरेल."

आणि नसेल तर? हे भाऊंनी विचारलं नाही. घरी आठवडाभर मात्र ते जेवताना मधेच थांबून आवंढे गिळत होते. एकतीस वर्षांचं दुकान एका थेंबावर येऊन ठेपलं होतं.

तपासणीच्या दिवशी बाकावर शेजारी कानाला पट्टी बांधलेले एक गृहस्थ होते. भाऊंनी हळूच विचारलं, "चव कसली असते हो?"

"कडू. माझ्या घशात तर कडूजहर उतरलं होतं."

भाऊंनी ते मनात पक्कं केलं.

आत तपासणी करणाऱ्या मुलीने त्यांना कुशीवर निजवलं, कानात थेंब सोडले, घड्याळ लावलं. "काका, चव आली की हात वर करा. मधेमधे आवंढा गिळा."

भाऊ गिळत राहिले. घसा कोरडा पडला. पाच मिनिटं, सहा मिनिटं. काही नाही. दाराशी बायको पिशवी घट्ट धरून उभी. सातव्या मिनिटाला भाऊंचा हात वर गेला.

"कशी लागली?"

"कडू. एकदम कडू."

मुलीने घड्याळ थांबवलं नाही. "काका, थेंब गोड आहेत. कुणाकुणाला औषधाचे टाकतात, ते कडू असतात."

बायको दारातून म्हणाली, "अहो, दुसऱ्याचं उत्तर उतरवायचं तर प्रश्न तरी तोच आहे का, ते बघावं."

अर्धा तास झाला तरी गोडी आली नाही. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ते खरं धरून मी पडदा बसवला असता तर?"

भाऊ आपल्या बोटाकडे बघत राहिले. "खिळा आत ठेवून ठिगळ," ते पुटपुटले. बाईंना कळलं नाही, बायकोला कळलं.

नाकात मागच्या बाजूला सूज होती. फवारा, गोळ्या, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ते दोन महिने बायको दुकानात स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसली. मागून गाडी आली की भाऊंचा शर्ट ओढायची. तीन शर्ट उसवले.

दुसऱ्या तपासणीला भाऊ कुणाशीच बोलले नाहीत. पुन्हा कूस, पुन्हा घड्याळ. दहाव्या मिनिटाला हात अर्धा वर गेला आणि खाली आला.

"काय झालं, काका?"

"थांब पोरी. खरंच लागतंय की मला हवंय म्हणून लागतंय, ते बघू दे."

त्यांनी डोळे मिटून आणखी दोनदा गिळलं. घड्याळाचा काटा पुढे गेला, तो जाऊ दिला.

"गोड," ते अगदी हळू म्हणाले. "सकाळचा चहा बिनसाखरेचा घेतलाय हो. हिला विचारा."

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. "नळी हळू चालते, पण चालते. पडदा टिकेलच अशी हमी देत नाही. पण आता बसवण्यात अर्थ आहे. पुढच्या सोमवारी या."

"पुन्हा बोला," भाऊ म्हणाले.

बाई मोठ्याने सांगायला पुढे झुकल्या, तेवढ्यात बायको म्हणाली, "त्यांना ऐकू आलंय, बाई. पुन्हा ऐकायचंय."