मैनेचं मारवाडी रक्त

आमच्या लोणीचे कुंडलिकभाऊ आयुष्यात एकदाच खोटं बोलले, पण इतकं झकास बोलले की पुढे खऱ्याला जागाच उरली नाही.

आमच्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. भाऊंना त्या घोडीवर बसायचं वेड. पण त्यांना परवडली ती कोकणातून परतणाऱ्या धनगराची घोडी, मैना. बुटकी, रुंद छातीची, मेंढरांमागून बिऱ्हाड वाहणारी. असल्या जनावराला गावात तट्टू म्हणतात आणि त्यावर बसणाऱ्याला काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. म्हणून भाऊंनी वेशीतच सांगून टाकलं, हिचा बाप उंच मारवाडी जातीचा घोडा. घरी बायकोला, साळुबाईंनाही तेच सांगितलं. मैना शर्यतीच्या घाटात अशी सुटायची की तिची उंची कुणी बघितलीच नाही. आमचा माईकवाला रुपेश तर दर शर्यतीला तिच्या मारवाडी रक्ताचा गजर करायचा.

मग काळ फिरला. या बुटक्या घोड्यांना भीमथडी म्हणून स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. कालचं तट्टू आज वारसा झालं. जिकडेतिकडे फ्लेक्स लागले, त्यांवर घोडा अंगठ्याएवढा आणि पुढारी पुरुषभर उंच. एरवी घोड्याच्या वासाने नाकाला रुमाल लावणारे लोक फेटे बांधून अश्वपरंपरेवर बोलू लागले.

वारूळवाडीला प्रदर्शन ठरलं. शुद्ध ठरलेल्या घोडीला संयोजक शुद्ध भीमथडी घोडा लावून देणार होते. भाऊंना बक्षिसाची हाव नव्हती. मैनेचं वय होत आलं होतं आणि तिच्यासारखंच एक शिंगरू मागे राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते खरं बोलायलासुद्धा तयार झाले होते, पण हळू आवाजात, परीक्षकांच्या कानात.

परीक्षक कल्याणीताई जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी मैनेची उंची मोजली, खूर पाहिले, छाती पाहिली. सगळं ठरलेल्या मापात बसलं. आता रिंगणात एक फेरी मारायची आणि वंशाची विचारपूस, की झालं. माईकवर अर्थातच रुपेश होता. गावची घोडी रिंगणात येताना पाहून त्याचा ऊर भरून आला आणि सवयीने त्याने गर्जना केली, "आली रे आली, कुंडलिकभाऊंची मारवाडी रक्ताची मैना!"

कल्याणीताईंचं पेन थांबलं.

भाऊंनी घोडी तिथेच उभी केली. आता हळू बोलून भागणार नव्हतं. अख्ख्या गावासमोर ते म्हणाले, "मारवाडी न्हाई, बाई. धनगराचं तट्टू हाय. मीच खोटं बोललो व्हतो."

गाव गहिवरलं. एका जनावरापायी हा माणूस स्वतःला खोटारडा म्हणवून घेतोय, हे कुणाला सहन होईना. लोणीची माणसं रिंगणात घुसली आणि त्यांनी कल्याणीताईंना बजावलं की भाऊ कधी खोटं बोलत नाहीत, ते मारवाडी म्हणाले होते म्हणजे मारवाडीच. आजचं बोलणं मनावर घेऊ नका, माणूस घाबरलाय.

कल्याणीताईंनी शेवटी साळुबाईंना विचारलं. आयत्या वेळी नवऱ्यासाठी काही जुळवून सांगावं, हे त्या बाईच्या स्वभावातच नाही. "मला तर पहिल्या दिवसापासनं मारवाडीच सांगितलंय," त्या म्हणाल्या.

मैना बाद झाली. कल्याणीताईंनाही वाईट वाटलं, पण वंशाबद्दल संशय असताना घोडा लावता येत नव्हता. गावाने मात्र मैनेला हार घातला. मारवाडीपणावर आता डॉक्टरांचं शिक्कामोर्तब झालं, यात कुणाला शंका नव्हती.

आठवडाभराने पारगावचे अमृत पाटील घरी आले. त्यांच्या दारात खराखुरा मारवाडी घोडा आहे, उंच, कानाची टोकं एकमेकांना भिडलेली. प्रदर्शनातली हकिगत ऐकून ते स्वतःहून म्हणाले की आपला घोडा मैनेला लावू, पैसे नकोत, रक्ताला रक्त मिळेल. एके काळी या शब्दांसाठी भाऊंनी गावजेवण घातलं असतं.

साळुबाई चहा घेऊन बाहेर आल्या. भाऊंनी पाटलांना हात जोडले आणि नको म्हटलं.

पाटील चक्रावले. "अवो, हिचं वय झालं. परत संधी न्हाई यायची. बिनशिंगराची जाईल."

"जाऊ द्या," भाऊ म्हणाले. "पर तट्टू म्हणूनच जाऊ द्या."

पाटील हसले. इतका विनयशील माणूस पंचक्रोशीत नाही, असं ते आजही सगळ्यांना सांगतात.