आखातात गेलेल्या सात जणांचा विमा

"नगरकरबाई, यातल्या एकावर टिक करा आणि शुक्रवारच्या टपालात टाका," परांजपे साहेब म्हणाले. दोन फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून ते मीटिंगला निघून गेले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्याजवळच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये असिस्टंट होते. तळेगावहून लोकलने ये-जा करायची. आमच्याकडे बॉयलरचे मोठे भाग तयार होत. त्या वर्षी आखातातल्या एका वीज केंद्राचं काम मिळालं आणि बॉयलर उभारायला आमची सात माणसं अकरा महिने तिकडे जायची होती. मुख्य काँट्रॅक्ट एका परदेशी कंपनीचं. त्यांच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये आमची माणसं घालायची सोय होती. प्लॅन दोन. कोणता घ्यायचा ते आम्ही कळवायचं.

'ए' प्लॅन स्वस्त होता. 'बी'चा हप्ता जवळजवळ दुप्पट. दोन्ही फॉर्म बारीक इंग्रजीत, आठ-आठ पानांचे. खरं सांगायचं तर मीही 'ए'वरच टिक करणार होते.

त्याच दुपारी नॉमिनेशनच्या सह्या घ्यायच्या होत्या. नॉमिनेशन म्हणजे माणसाचं काही बरंवाईट झालं तर पैसे कुणाला द्यायचे, ते लिहून ठेवणं. सातांपैकी एक होता बुधाजी गवारी, आमचा खलाशी. कारखान्यात खलाशी म्हणजे साखळ्या, कप्प्या लावून जड सामान उचलून जागेवर बसवणारा माणूस. बुधाजी त्या कामात एक नंबर. कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. त्याची बायको चिमाबाई तिथून मळवलीपर्यंत चालत आणि पुढे लोकलने आली होती.

मी फॉर्म वाचून दाखवला. तिने अंगठा पुढे केला आणि थांबली.

"बाई, ह्ये समदं मानूस गेल्यावरचं हाय," ती म्हणाली. "आजारी पडलं तर वो?"

"तेही असेल यात," मी म्हटलं.

"कुटं?"

मला दाखवता येईना. म्हटलं, उद्या सांगते.

दोन्ही फॉर्म पर्समध्ये घालून घरी नेले आणि डिक्शनरी घेऊन बसले. 'ए' प्लॅनमध्ये फक्त अपघात होता. अपघातात हात-पाय गेला तर भरपाई, माणूस गेला तर वारसाला पैसे आणि मृतदेह परत पाठवण्याचा खर्च. आजारपणाचा शब्दही नव्हता. 'बी'मध्ये आजारपण होतं आणि शिवाय एक नवा शब्द होता, मेडिकल इव्हॅक्युएशन. म्हणजे माणूस जिथे पडलाय तिथे धड उपचार होत नसतील, तर त्याला विमानाने उचलून चांगल्या हॉस्पिटलात नेणं.

सकाळी साहेबांकडे गेले.

"सातही जण ठणठणीत आहेत," साहेब म्हणाले. "आपल्याच डॉक्टरांनी मेडिकल केलंय."

"सर, ते मागच्या आठवड्याचं मेडिकल. जायचंय अकरा महिने."

"हप्ता दुप्पट आहे. अकाउंट्सला काय सांगू?"

"साईटपासून जवळचं हॉस्पिटल मोटारीने सात तासांवर आहे. इंजिनियरांच्या रिपोर्टमध्येच लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. विचार करायचा असला की ते असंच करत. "मुंबईच्या एजंटला विचारा. मग बघू."

ट्रंक कॉल बुक केला. दीड तासाने लागला. एजंट सभ्य माणूस होता. आजारपण धरलंय का? धरलंय. विमान कोण बोलावणार? उपचार करणाऱ्या डॉक्टरचा लेखी सल्ला आला की कंपनी विमान पाठवते.

"साईटवर डॉक्टर आहे?" मी विचारलं.

त्याने कागद चाळल्याचा आवाज आला. "मेल नर्स आहे."

"मग लेखी सल्ला कोण देणार?"

त्याने पुन्हा कागद चाळले. "मॅडम, हे कुणी विचारलं नव्हतं."

'बी' प्लॅन घेऊनही उपयोग नव्हता, तो यामुळे. सात तासांवरचा डॉक्टर साईटवर येणार, तपासणार, लिहून देणार आणि मग विमान निघणार. मी परांजपे साहेबांना फॉर्ममधलं डॉक्टरच्या लेखी सल्ल्याचं वाक्य लाल पेन्सिलीने खूण करून दाखवलं. ते दोनदा वाचून त्यांनी स्वतः पत्र डिक्टेट केलं. साईटच्या मेल नर्सने वायरलेसवरून कळवलं तरी विमान निघावं, डॉक्टरचा कागद मागाहून. तसं लेखी मिळालं तरच आम्ही 'बी' घेऊ. बारा दिवसांनी उत्तर आलं. मंजूर.

चिमाबाईला बोलावून मी आनंदाने सांगितलं, "बुधाजी आजारी पडलेच, तर कंपनी विमानाने आणेल. काळजी करू नका."

तिने अंगठा उठवला.

सातही जण गेले आणि चार महिने सगळं सुरळीत होतं. मग एका सोमवारी तार आली. गवारी, पोटात तीव्र दुखणं, विमानाने राजधानीत हलवलं, ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी सविस्तर कळलं. अपेंडिक्स फुटलं होतं. पहिल्या दिवशी त्याने अपचन समजून कुणाला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मेल नर्सने वायरलेस केला आणि नऊच्या सुमाराला विमान साईटच्या धावपट्टीवर उतरलं. तिथल्या सर्जनने लिहिलं होतं की मोटारीने आणला असता तर हाती लागला नसता.

तो कागद घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बरं झालं." मलाही आपण फार हुशार असं वाटत होतं, नाकारत नाही.

ती हुशारी गुरुवारपर्यंत टिकली. गुरुवारी चिमाबाई आली. निरोप घेऊन आम्ही माणूस पाठवला होताच. ती बसली नाही.

"कवा आनताय त्यांना?"

मी सांगितलं, ऑपरेशन झालंय, धोका टळलाय, पण पोटात पू आहे, नळी घातलीय. आत्ता आणता येणार नाही.

"इमानानं आनतील म्हनला हुता तुमी."

"विमानानेच नेलं ना हॉस्पिटलात."

"न्हेलं," ती म्हणाली. "हितं आनतील म्हनला हुता."

फॉर्ममध्ये 'योग्य अशा जवळच्या हॉस्पिटलात' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. घरी परत आणणं डॉक्टरने परवानगी दिल्यावर. मी ते वाचलं होतं. तिला सांगताना सोपं करायला गेले आणि भलतंच सांगून बसले.

कारखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिला समजावलं की विमान उंच गेलं की पोटातली हवा फुगते, ताज्या टाक्यांवर ताण येतो, टाके सुटू शकतात. तिने सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "तितं त्यांची बोली कुनाला कळती? पानी पायजेल आसंल तर कसं मागत आसतील?"



ती गेल्यावर मी पॉलिसी पुन्हा काढली. सहाव्या पानावर एक ओळ होती. रुग्णासोबत एक अटेंडंट राहिल्यास त्याचा खर्च मिळेल. एजंटला फोन लावला. तो म्हणाला, अटेंडंट म्हणजे घरचं माणूस, बायको वगैरे. चिमाबाईकडे पासपोर्ट कुठून असणार? मी विचारलं, सोबत काम करणारा चालेल का? "घरचाच असं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "चालायला हरकत नाही."

हरकत परांजपे साहेबांची होती. "एक माणूस आधीच कमी झालाय. दुसरा काढला तर काम किती मागे पडेल?"

"सर, मी तिला चुकीचं सांगितलं. ती चूक माझी आहे. पण निस्तरायला दहा दिवस एक माणूस लागेल."

त्यांनी चष्मा काढला नाही. सरळ साईट इंजिनियरला तार केली. सावंत नावाचा वेल्डर दहा दिवस हॉस्पिटलात राहिला. त्याचं पत्र आलं तेव्हा चिमाबाईला बोलावून मी ते जसंच्या तसं वाचलं. एकही शब्द सोपा केला नाही. बुधाजीने मऊ भात खाल्ला. नर्सला 'पाणी' म्हणता यायला लागलंय. रात्री झोप लागते. दुसरं ऑपरेशन करावं लागेल की नाही, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

"ह्ये बी लिवलंय?" तिने शेवटच्या वाक्यावर विचारलं.

"हो."

"मंग समदं खरं आसंल," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

दुसरं ऑपरेशन लागलं नाही. सातव्या आठवड्यात बुधाजी साध्या सीटवर बसून मुंबईला उतरला. बरोबर विमा कंपनीची नर्स होती. आमची जीप त्याला आणायला गेली, चिमाबाई जीपमध्ये होती. तो फार वाळला होता. तीन महिन्यांनी कामावर आला तेव्हा त्याला जड उचल द्यायची नाही असं ठरलं. त्याला स्टोअरमध्ये घेतलं. ते त्याला आवडलं नाही. तसं तो प्रत्येकाला सांगायचा.

पुढच्या वर्षी दुसरी बॅच निघाली. साहेबांनी न विचारता 'बी'वर टिक केली. मी सगळ्यांच्या घरच्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि आठही पानं मराठीत सांगितली. काय मिळेल ते सांगितलं, काय मिळणार नाही तेही. त्याला अडीच तास लागले आणि दोघी-तिघींनी तोंड वाकडं केलं.

विम्याच्या कागदात जे लिहिलेलं आहे ते वाचायला डिक्शनरी पुरते. जे लिहिलेलं नाही ते आपल्या तोंडून जाऊ नये, एवढं मात्र ज्याचं त्याने सांभाळायचं.