कोंबडीची वाट

हॅरी चेर्नेनकॉफने चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली. पातं फिरायला लागलं की तो डोळे मिटून ऐकायचा आणि कुठला दात बोथट झालाय ते सांगायचा. माणसाच्या बोलण्यातली धारही त्याला तशीच लागत असणार, पण हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. गिरणीतून सुटला की तो कुदळ घेऊन डोंगरात जायचा, सायकलींसाठी उताराच्या वाटा काढायला. कॅनडातल्या आमच्या स्लोकन खोऱ्यात आम्ही ज्या वाटांवरून खाली सुटतो, त्यातल्या निम्म्या त्याच्या हातच्या.

या वाटांवर मध्येच फळ्यांचा उतार येतो आणि तो हवेत संपतो. पुढे उडीच घ्यावी लागते. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी शेजारून एक सोपी वाट काढलेली असते. तिला आम्ही कोंबडीची वाट म्हणतो; कोंबडी म्हणजे आमच्याकडे भित्रा माणूस. तिच्यावरून कुणी गेलं की बाकीच्यांनी मागून पक-पक-पकाक करायचं, हा रिवाज. हॅरीवर ही वेळ क्वचितच यायची. आलीच तर तो मान वळवून ओरडायचा, "करा, करा! दुखोबोरांच्या घरची कोंबडी म्हातारी होऊन मरते रे!" दुखोबोर म्हणजे रशियातून आलेल्या एका पंथाचे लोक, हॅरी त्यांच्यातलाच. त्यांच्यात मांस खात नाहीत, तेव्हा बोलण्यात खोट नव्हती.

गेली दोन वर्षं मात्र तो रविवारी टाळाटाळ करायचा. कधी गुडघा दुखायचा, कधी ब्रेक नीट लागत नसायचा, कधी पॉलीचे बटाटे काढायचे असायचे. पॉली त्याची बायको. एकटा मात्र रोज डोंगरात जायचा. नवी वाट काढतोय म्हणायचा, पण ती कुणाला दाखवत नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो आला. मी, हॅरी आणि शाळेची बस चालवणारी डोरीन, असे तिघं होतो. त्याने स्वतः बांधलेल्या, शंभरदा घेतलेल्या उडीपाशी त्याने ब्रेक दाबला आणि बाजूच्या वाटेने निघाला. माझ्या जिभेला हाड नाही, हे गावाला ठाऊक आहे. मी त्याच्यामागे पायथ्यापर्यंत पकपकत गेलो. खाली पोचल्यावर म्हणालो, "ए चेर्नेनकॉफ, अंडं घातलंस की कळव! न्याहारीला येतो."

डोरीन पोट धरून हसली. हॅरीने हेल्मेटचा पट्टा सोडला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. त्याचं ते नेहमीचं वाक्य काही आलं नाही. मला ते जाणवलं, आणि मी सोडून दिलं.

गुरुवारी तो त्याच्या नव्या वाटेवर मेलेला सापडला. डोक्याला मार फार मोठा नव्हता, पण आत रक्त थांबलं नाही. दोन वर्षांपासून तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत होता. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

दफन झाल्यावर पॉलीने मला बाजूला घेतलं. "त्याने मला शब्द दिला होता, ग्लेन. चाक जमिनीवरून उचलणार नाही म्हणून. ज्यांनी त्याला खाली आणलं त्यांना यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. बर्फ वितळलं की जाऊन बघ आणि मला सांग, शब्द पाळला का त्याने."

मला जायचं नव्हतं. एप्रिलमध्येच बर्फ गेलं, तरी मी मे उजाडेपर्यंत थांबलो. मग डोरीनच म्हणाली, "चल, किती दिवस तोंड लपवणार?" आम्ही सायकली ढकलत वर चढलो.

अनोळखी वाट म्हणून हळूहळू उतरत होतो. पहिल्या फळ्यांपाशी दोघंही थांबलो. फळ्या अशा तासलेल्या की हात फिरवत राहावं. वर हिरवं, जाड शेवाळ. आणि शेजारची कोंबडीची वाट मात्र पार दगडासारखी घट्ट झालेली, तिच्यातली मुळं टायरांनी घासून गुळगुळीत.

"यावरून तर कुणी गेलेलंच नाही," डोरीन म्हणाली.

"मग बांधल्या कशाला?"

"आपल्यासाठी, बाबा. आपल्यासारख्या उडाणटप्पूंसाठी. दुसरं कोण आहे?"

दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या, चौथ्या, सातव्या ठिकाणीही तेच. शेवाळ न मोडलेलं, बाजूची वाट झिजलेली. खोटं कशाला सांगू, माझ्या मनावरचं ओझं उतरत चाललं होतं. पॉलीला काय सांगायचं ते मी शब्दांत जुळवूही लागलो होतो.

आठवी उडी शेवटची. तिथल्या देवदाराला लोकांनी खुणेची केशरी फीत बांधली होती, हॅरी सापडला ती जागा. फळ्यांवर शेवाळ होतंच. पण मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टायरच्या रुंदीचा एक पट्टा खरवडून निघाला होता. एकच.

डोरीनने हेल्मेट काढलं. मग म्हणाली, "तिला सात सांग. आठवी कशाला सांगायची?"

आम्ही दोघं कोंबडीच्या वाटेने उतरलो. कुणी आवाज काढला नाही.

पॉलीने बोर्श केलं होतं, त्यांच्याकडचं कोबीचं सूप, वर शेपू आणि साय. वाडगा माझ्यापुढे ठेवून ती समोर बसली.

"पाळला?"

सात हा आकडा माझ्या ओठांवर होता. पण तिच्याकडे बघून काही तो निघेना. "सात ठिकाणी पाळला," मी म्हणालो. "आठव्या ठिकाणी नाही. पॉली, त्याच्या आधीच्या रविवारी मी त्याला..."

"अंड्याचं ना? माहीत आहे. घरी येऊन सांगितलं त्याने."

मी मान खाली घातली. माझ्यामुळे गेला तो, असं म्हणायचं होतं, पण तीच पुढे बोलत होती.

"मी म्हटलं, त्यात काय, दुखोबोरांच्या घरची कोंबडी म्हातारी होऊन मरते. त्याचंच वाक्य. आणि हसले. मला वाटलं, तोही हसेल."

"हसला?"

"नाही."

तिने माझा वाडगा थोडा माझ्याकडे सरकवला. "खा, निवतंय," म्हणाली. मी चमचा उचलला, आणि ती समोर बसून माझं खाणं बघत राहिली.