सहाचा सात

हे अजून कुणाच्या कानावर गेलेलं नाही. बायकोच्याही नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — मी कुठे घाबरतो, कुठे फुशारक्या मारतो, कुणासमोर शेपूट घालतो. पण ही गोष्ट तिच्यासमोर दोन-तीनदा ओठांवर आली आणि मी भलतंच बोललो. भाजी छान झालीय म्हणालो. तिला संशयही आला नाही, कारण भाजी खरंच छान झाली होती.

तर हॉटेलपासून सुरू करतो. ते सोपं आहे.

सिंहस्थाच्या आधीची गोष्ट, दोन हजार तीनची. गंगापूर रोडला आमच्या शेठचं चोवीस खोल्यांचं हॉटेल उभं राहत होतं आणि खरेदीचं सगळं माझ्याकडे होतं. फर्निचर इथल्या सुतारांकडून करून न घेता चीनमधल्या कारखान्यातून आपल्या मापानं बनवून आणायचं, ही कल्पना माझी. मी आदल्या वर्षी तिकडे जाऊनही आलो होतो. आठच दिवस. पण परतल्यावर ‘तिकडे असं नसतं’, ‘तिकडे सगळं मिलिमीटरमध्ये’ असं जे काही सुरू केलं, त्यानं मित्र मला बघून रस्ता बदलायला लागले. पस्तिशीचा होतो. इंग्रजीत ई-मेल लिहायचो, संगणकावर तक्ते करायचो, आणि साइटवर इस्त्रीचा शर्ट घालून फिरायचो.

साइटवर निंबाअण्णा होते. देवळ्याकडचे सुतार, साठीला टेकलेले. दारं, चौकटी आणि मोजमापाचं काम त्यांच्याकडे. भिंत सरळ आहे की नाही हे गवंडीसुद्धा त्यांना विचारायचे. टेप लावायच्या आधी अण्णा नुसतं बघून आकडा सांगायचे, मग टेप लावायचे आणि तोच आकडा निघाला की गालातल्या गालात हसायचे. आयुष्यात दुसरी चैन नव्हती त्या माणसाला. ना तंबाखू, ना काही.

प्रत्येक खोलीत खांब आणि बाथरूमची भिंत यांच्यामध्ये कपाटासाठी जागा सोडलेली होती. अण्णांनी चोवीसच्या चोवीस खोल्या मोजल्या, जराशी फट धरली आणि आपल्या वहीत एक ओळ लिहिली — कपाट, रुंदी ५.६. आपल्याकडे कुणीही असंच लिहितं ना? टिंबाच्या अलीकडे फूट, पलीकडे इंच. पाच फूट सहा इंच, म्हणजे साडेपाच फूट.

मी वही घेऊन संगणकावर बसलो. कारखान्याला मिलिमीटर हवे होते. मी ५.६ हा आकडा तसाच टाकला आणि एका फुटाच्या मिलिमीटरनी गुणला. काय झालं, आलं लक्षात? संगणकाला आपले इंच कुठून कळणार? त्याच्या लेखी ते पाच पूर्णांक सहा दशांश फूट. साडेपाचपेक्षा जवळजवळ सव्वा इंचानं जास्त. चोवीस कपाटं त्या मापानं बनली, जोडली गेली, समुद्रावरून निघाली.

पण हे सांगायला मी बसलेलो नाही. चूक कुणाचीही होते. नुसत्या चुकीसाठी कोणी इतकी वर्षं तोंड शिवून बसतं का?

कंटेनर आले. पहिलं कपाट चार माणसांनी जिन्यानं वर नेलं, जागेशी टेकवलं — ते आत जाईना. दुसऱ्या खोलीत नेलं, तिथेही तेच. अण्णांनी कपाटाला टेप लावली. “पाच-सात हाय हे. वर अजून थोडं. मी तर पाच-सहा लिव्हलं व्हतं, साहेब,” ते म्हणाले. कुणावर ढकलायचं म्हणून नव्हे, सहज. “वहीत बघा ना.”

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. बघितली. ५.६. मग संगणक उघडला, तक्ता बघितला, आणि एका क्षणात सगळं कळलं. शेठ संध्याकाळी येणार होते. हॉटेल उघडायला सहा आठवडे राहिले होते. चीनची कल्पना माझी, तक्ता माझा, ‘तिकडे असं नसतं’ हे तोंडही माझंच. माझी नोकरी जाईल असं वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त काय वाटलं, ते खरं सांगतो — लोक हसतील. चीनला जाऊन आला आणि फूट-इंच येत नाहीत, असं म्हणतील. मला ते सोसवेना.

जेवणाची सुट्टी झाली होती. माणसं खाली डबे उघडून बसली होती. अण्णांची ती सुतारांची चपटी पेन्सिल खिडकीत पडलेली होती —

मी वहीतला सहा रबरानं पुसला आणि तिथे सात काढला.

नुसता काढला नाही. अण्णा सात कसा काढतात ते आधीच्या पानांवर शोधलं. त्यांच्या सातचं शेपूट जरा लांब असायचं. मीही लांब ठेवलं. मग त्यावर बोट फिरवून ते थोडं मळवलं, कारण वहीतलं बाकी सगळं मळलेलं होतं.

जेवण झाल्यावर मी अण्णांना वर बोलावलं आणि वही पुढे केली. ते ती घेऊन उजेडाला गेले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. ते ओळखतील असं वाटत होतं. ओळखावं असंही वाटत होतं का? आज तसं म्हणायला बरं वाटतं, पण नव्हतं वाटत.

“माझंच अक्षर हाय,” ते म्हणाले. एवढंच.

त्यांचं माप खरोखर इंचानं चुकलं असतं, तर कपाट एकच इंच जास्त आलं असतं. वरचं ते थोडंसं कुठून आलं? हे त्या साइटवर एकाच माणसाला खटकू शकलं असतं, आणि सकाळी ते त्यानंच बोलून दाखवलं होतं. वही बघितल्यावर अण्णांनी ते पुन्हा कधी काढलं नाही. माझ्या तक्त्यापेक्षा, माझ्या इंग्रजीपेक्षा त्यांचा स्वतःच्या अक्षरावर विश्वास होता. मी नेमका तोच वापरला.

संध्याकाळी शेठ आले, तापले, वाट्टेल ते बोलले. आणि तेव्हा — हे सांगताना अजून लाज वाटते — मी मध्ये पडलो. “वय झालंय त्यांचं, सांभाळून घ्या,” असं म्हणालो. अण्णा शेजारीच मान खाली घालून उभे होते.

चोवीस कपाटं त्यांनी स्वतः कापून बसवली. दारं, फळ्या, पाठ, सगळं उतरवायचं, कमी करायचं, पुन्हा जोडायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक कपाटाशी टेप लावायचे, अंगठ्यानं घट्ट धरायचे आणि मला हाक मारायचे. “साहेब, तुमी वाचा.” नुसत्या नजरेनं आकडा सांगणारा माणूस हो हा! मी वाकायचो. पाच-सहा, अण्णा. “नक्की?” नक्की. मग खूण करायचे. असं मी चोवीस वेळा वाचलं. एकदाही जीभ अडखळली नाही.

हॉटेल वेळेत उघडलं. माझं नाव झालं. दुसरी हॉटेलवाली मंडळी मला विचारायला यायला लागली. अण्णांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, नजर चांगली आहे, आहे तोच चष्मा चालू द्या. दुसऱ्या कुणाला यानं हायसं वाटलं असतं. अण्णा मला म्हणाले, “डोळं बरं हायेत म्हंजे मग डोक्यातच बिघाड झाला असंल.” त्यानंतर दिवाळीला ते गावी गेले आणि कामावर परतले नाहीत. तेव्हा तरी बोलता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं.

पुढे काही वर्षांनी अण्णा वारले, त्याच्या आदल्या वर्षी मी देवळ्याला एका लग्नाला निघालो होतो. वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो, सांगायचं ठरवूनच. गाडीत वाक्यं जुळवत होतो. त्यांचा मुलगा मळ्यात कांद्याची चाळ बांधत होता. अण्णा तिथेच खाटेवर बसले होते. मुलानं वरून टेपचं टोक त्यांच्याकडे सोडलं, तर त्यांनी हात मागे घेतला. “मला नको, तूच बघ,” म्हणाले. तोंड उघडायला याहून वेगळी वेळ कोणती हवी होती मला?

पण आधी अण्णाच बोलले. मुलाला हाक मारून खाली बोलावलं आणि माझा हात धरून सांगितलं, “हे ते साहेब. माझ्या हातनं येवढं नुकसान झालं, पर यांनी मला सांभाळलं. दुसऱ्यानं त्याच दिशी हाकललं असतं.” मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. “लय वर्सं इचारीन म्हनत व्हतो, साहेब. मनात नाय ना ठेवलं?”

चहाचा कप माझ्या हातात होता. मुलगा बघत होता. जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती.

“नाही हो, अण्णा,” मी म्हणालो. “ते मी कधीच माफ केलं.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी मला दुसरा कप घ्यायला लावला. तो मी घेतला. मग लग्नाला गेलो आणि पंगतीत बसून पोटभर जेवलो.