भिंतीवरच्या सुऱ्या

माझे गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी खाली बसणं बंद केलं. उमरग्यातल्या त्या दवाखान्यात मी विचारलं, "मग भाजी कशी चिरायची?" ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. लग्न होऊन आल्यापासून मी विळीवरच चिरत आले होते. पाय पाटावर दाबून, दोन्ही हातांनी भोपळा पात्यावर ढकलायचा, हीच सवय. दोन्ही हात कामाला लागत असल्यामुळं मी डावखुरी आहे हे विळीवर फारसं कुणाच्या लक्षात येत नसे. सासूबाईंच्या मात्र यायचं. निवदाची भाजी असली की त्या येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "उजवा हात फुडं. डाव्यानं चिरल्यालं देवाला चालत न्हाय." मी उजवा हात पुढं करायचे, बोट कापून घ्यायचे आणि गप्प बसायचे. तो राग तेव्हाचा आहे. तो कुठं गेला नाही.

ओट्याशी उभं राहून चिरायचं म्हणजे सुरी हवी. बाजारातून आणलेली पहिली सुरी दोन दिवसांत फेकून द्यावीशी वाटली. आमच्याकडच्या बऱ्याच सुऱ्यांच्या धारेला एकाच अंगानं उतार असतो, तोही उजव्या हाताच्या सोयीनं. डाव्या हातात धरली की ती भाजीत सरळ उतरत नाही, आत वळते. कांद्याच्या एका बाजूला जाड चकती, दुसऱ्या बाजूला नुसतं पापुद्र्याएवढं. मालक म्हणाले, "लोकांना जमतंय की." मालक म्हणजे माझे यजमान. त्यांनी आयुष्यात कांदा चिरलेला नाही.

हायवेच्या कडेला जुन्या ट्रकांचं लोखंड विकणारा एक भंगारवाला आहे. त्याच्याकडं मी पितळेचा डबा बघायला गेले होते. तिथं पोत्यावर जुन्या सुऱ्यांचा ढीग पडला होता. गंजलेल्या, मुठी सुटलेल्या, कुणाकुणाच्या घरातून निघालेल्या. त्यातली एक लांब, पातळ सुरी मी उचलली आणि नखानं टिचकी मारली. ती कितीतरी वेळ वाजत राहिली. घरी आणून रॉकेलमध्ये भिजवली, चिंच आणि राखेनं घासली, ओट्यावर ओला दगड ठेवून धार लावली. दगडावर धार लावताना मला कळलं की उतार माझ्या बाजूला आणता येतो. थोडा थोडा, कित्येक दिवस घासून मी तो आणला. मग तिनं दोडका चिरला. चकत्या एकसारख्या पडल्या. मी एकटीच ओट्याशी उभी राहून त्या चकत्यांकडं बघत होते.

मग नादच लागला. आठवडी बाजार, भंगारवाला, घर मोडून सामान विकायला काढलेले लोक, कुठंही गेले की मी सुऱ्या बघायचे. विड्याची पानं कापायची बारीक सुरी मिळाली. एका जुन्या खानावळीतली रुंद सुरी मिळाली, तिच्या पाठीवर कुण्या आचाऱ्याच्या अंगठ्यानं खळगा पाडला होता. कैऱ्या फोडायचा मोठा अडकित्ता मिळाला. सगळं मी एका पत्र्याच्या पेटीत तेलाचं फडकं घालून ठेवायचे, पण नुसतं ठेवायचे नाही. भोपळ्याला एक, कांद्याला एक, अंबाडीच्या जुडीला एक, अशा त्या रोज हातात असायच्या. मालक आल्यागेल्याला सांगायचे, "बायका साड्या जमवतात, आमच्या हिनं भंगार जमवलंय." आलेले लोक हसायचे. मी चहा ठेवायचे.

शेवटी मी माझ्या हाताची सुरी करून घ्यायचं ठरवलं. माझं माहेर लोहारा गावाकडचं. तिथं एक लोहार आणि त्याची बायको बाजारापासून थोडं लांब काम करतात. तो पक्कडीत लोखंड धरतो, ती घण मारते. मी ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा बरोबर नेला होता. लोहारानं विचारलं, "कुनासाठी?"

"माझ्यासाठी. उतार डाव्या हाताचा पाहिजे."

तो थांबला. "डाव्या हाताची सुरी कुनी करून नेत न्हाय, अक्का. उजव्यानं धरायची सवय लावा."

त्याची बायको घणाच्या दांड्यावर हात टेकून उभी होती. ती म्हणाली, "हात त्यांचा हाय. तुमी करा."

त्यानं केली. तीन वेळा मूठ बदलायला लावली मी, आणि त्यानं कुरकुर करत बदलली. बाभळीची मूठ, पितळी खिळे. पातं काळंच ठेवलं, फक्त धारेची कड पांढरी. लाल झालेलं पातं पाण्यात बुडवल्यावर जो आवाज झाला, त्यानं माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा एक वस्तू माझ्या हातासाठी, माझ्याच सांगण्यावरून झाली होती. ती सुरी मी ओट्यावरच्या खिळ्याला अडकवायचे. पेटीत कधी ठेवली नाही.

मागच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणाला मी पुण्याला गेले. परत आले, बॅग ठेवली, पदर खोचून ओट्याशी गेले तर खिळा रिकामा. दिवाणाखाली वाकून बघितलं तर पेटी नाही. मला वाटलं चोरी झाली.

मालक पेपर वाचत होते. म्हणाले, "चोरी कशाला होईल. पोरानं हायवेला नवीन हॉटेल टाकलंय ना, तिथं लावल्यात. लई भारी दिसायलंय. तू बघशील तर खूश होशील."

पोरगा म्हणजे माझ्या दिराचा मुलगा.

"मला विचारलं का नाही?"

"तू बाळंतपणात होतीस."

"फोन होता की."

त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मी तशीच, प्रवासातल्या साडीवर, रिक्षा करून हॉटेलात गेले. दारात फायबरचा बैल, आत फेटे बांधलेले वेटर, छताला टांगलेले कंदील आणि कंदिलात बल्ब. समोरच्या भिंतीवर माझ्या सुऱ्या होत्या. एक मोठी लोखंडी चौकट करून तिच्यावर गोल चाकासारख्या लावल्या होत्या, टोकं बाहेरच्या बाजूला. मुठी काढून टाकलेल्या. मागचं लोखंड चौकटीला वेल्डिंगनं चिकटवलेलं. आणि सगळ्यांवर सोनेरी रंग मारलेला. विड्याच्या सुरीला, खानावळीच्या सुरीला, अडकित्त्याला, सगळ्यांना. मधोमध माझी डाव्या हाताची सुरी. खाली पाटी, "आमच्या आजीची हत्यारं."

त्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जन्मात सुरी हातात धरली नव्हती. त्या आजीनं माझा डावा हात मागं ओढला होता.

पुतण्या धावत आला. वाकून पाया पडला. "काकू, कसं वाटलं? लोक फोटो काढायलेत रोज. तुमचंच कौतुक हाय."

"कौतुक माझं आणि पाटी आजीची?"

"आजी म्हणलं की लोकांना बरं वाटतंय."

"मुठी कुठं आहेत?"

त्यानं वेटरला विचारलं. वेटरनं आचाऱ्याला विचारलं. मुठी चुलीत गेल्या होत्या. गिऱ्हाइकांना दाखवायला बाहेर एक मातीची चूल मांडली होती, तिच्यात.

मी जेवायच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली, त्या भिंतीला पाठ लावून बसले आणि पुतण्याला सांगितलं, "वेल्डिंगवाल्याला बोलव. ज्यानं चिकटवल्यात त्यानंच काढायच्या. तोवर मी उठत नाही."

दीर गल्ल्यावर होते. ते आले. खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, घरातली वस्तू घरातच हाय. लोखंडच हाय की शेवटी. गिऱ्हाइकं जेवायलेत."

"जेवू द्या. मी त्यांच्या ताटाला हात लावला नाही."

"तुमाला काय पाहिजे ते सांगा. नव्या सुऱ्या आणून देतो सोलापूरहून."

"मला माझ्या पाहिजेत."

त्यांनी मालकांना फोन केला. मालक स्कूटरवर आले, घाम पुसत आत शिरले, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याजवळ वाकून म्हणाले, "चल घरी. लोक बघायलेत."

"बघू द्या. त्यासाठीच तर लावल्यात."

"अगं, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. म्हणजे विचारायचं विसरून गेले नव्हते. घाईत राहून गेलं नव्हतं. मी नाही म्हणेन हे त्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच विचारलं नव्हतं. तोवर मी नुसती चिडले होते. त्यानंतर मला जे झालं त्याला चिडणं म्हणत नाहीत. माझा आवाज अगदी साधा झाला. मी म्हणाले, "तुम्ही घरी जा. मी सुऱ्या घेऊन येते."

ते गेले नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर पाण्याचा ग्लास घेऊन बसून राहिले.

वेल्डिंगवाला आला तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. त्यानं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, टेबलांवरची कापडं काढावी लागली. एकेक पातं सुटून खाली पडायचं आणि मी ते तांदळाच्या रिकाम्या पोत्यात टाकायचे. तो बिचारा मधेच म्हणाला, "बाई, मला म्हायीत नव्हतं कुनाच्या हायत." मी म्हणाले, "तुमच्यावर राग नाही." खरंच नव्हता. एकदा माझा हात कापला. पुतण्या फर्स्ट एडचा डबा घेऊन आला. मी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी जीपनं लोहाऱ्याला गेले. लोहारानं पोतं उलटं केलं, एकेक पातं उजेडात धरलं, कानशीनं धारेवर ओढून बघितलं. वेल्डिंगच्या आचेनं लोखंडाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो, मग धार टिकत नाही. जाड पाती पुन्हा तापवून पाणी देता येईल म्हणाला. पातळ गेली. ती लांब, वाजणारी सुरी गेली. विड्याची गेली. माझी डाव्या हाताची वाचली, पण मागचा जळका भाग कापावा लागला आणि ती दोन बोटं आखूड झाली. मूठ नवी बसवली. त्याची बायको रंग खरवडत होती. तिनं विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

"घरच्यांनी."

तिनं मान हलवली आणि खरवडत राहिली. तिला आणखी सांगावं लागलं नाही.

आता ती सुरी रोज वापरते. चांगली चालते. पण अंगठा जिथं टेकायचा तिथं आता पात्याची जागा नाही, मूठ आहे. दर वेळी अंगठा आधी जुन्या जागेवर जातो, आणि दर वेळी मला तो सोनेरी रंग आठवतो. मालकांनी सोलापूरहून चकचकीत सुऱ्यांचा सेट आणला, लाकडी ठोकळ्यात खोचलेला. मी तो न उघडता माळ्यावर टाकला. एकदा जेवताना म्हणाले, "किती दिवस धरून बसणार आहेस?" मी म्हणाले, "मला माहीत नाही." शेंगाची चटणी वाढली आणि आत गेले. मी मुद्दाम धरून बसलेली नाही. ते समोर आले की तेच वाक्य ऐकू येतं, त्याला मी काय करू.

श्रावणात एका दुपारी माझी जाऊ आली. दिरांची बायको. हॉटेलातल्या त्या दिवसानंतर आमचं येणंजाणं बंद होतं, त्यामुळं मला वाटलं समजूत घालायला पाठवलंय. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. मी शेपू चिरत होते. बराच वेळ ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अक्का, हॉटेलात शिरल्या शिरल्या डाव्या अंगाला टेबल हाय बघा, काचेचं. खाली काळे लोखंडी पाय."

"बघितलं नाही मी."

"ती माझी मशीन हाय. शिलाईची. माझ्या आईनं दिल्याली. वरचं डोकं काढून भंगारात घातलं आन् पायावर काच ठिवली. लोक त्याच्यावर जेवत्यात."

मी सुरी खाली ठेवली. "तुला विचारलं होतं?"

"मला कोन इचारतंय."

ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळत होती, सोडत होती. पुन्हा म्हणाली, "पोटच्या पोरानं केलंय. कुनाला सांगू?"

"डोकं कुणाला विकलं?"

"त्याच भंगारवाल्याला."

मी शेपू तसाच ठेवला, हात धुतले आणि साडी बदलली. आम्ही दोघी आधी भंगारवाल्याकडं गेलो. मशीनचं डोकं पत्र्यांखाली पडलेलं होतं, चाक फिरत होतं. ते रिक्षात घेतलं. मग हॉटेलात. टेबलावर कुणी पाहुणे आमटी-भाकरी खात होते. माझी जाऊ त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "जरा त्या टेबलावर बसता का? हे माझं हाय."

ते उठले. तिनं त्यांची ताटं स्वतः उचलून दुसरीकडं मांडली, पाणी दिलं. मी काच धरली. दीर गल्ल्यावरून उठले, पण तिनं त्यांच्याकडं बघितल्यावर तिथंच थांबले. काच भिंतीला टेकवून ठेवली आणि लोखंडी पाय आम्ही दोघींनी, माझ्या गुडघ्यांसकट, दारापर्यंत ओढत नेले. फरशीवर लांब ओरखडा उठला.

मशीन आता तिच्या खोलीत आहे. दीर माझ्याशी बोलत नाहीत. तिच्याशी कामापुरतं बोलतात. तो ओरखडा घासून निघाला नाही, म्हणून पुतण्यानं त्याच्यावर सतरंजी टाकली आहे, असं तीच मला सांगत होती.